पालथी बशी

फरशीवर कोण जाणार, एवढंच त्या रविवारी दुपारी ठरायचं होतं.

हा शब्द घरातल्या लहानथोरांना कळायचा. कंपनीचे दोन भाग होते. एक अंगाचा: आंघोळीचे साबण, पावडर, तेलं, शांपू. दुसरा घराचा: भांड्यांची 'चकाकी', फरशीचा 'लखलख' आणि जिचं नाव जेवताना कुणी घेत नसे ती बाटली. खरं म्हणजे सगळ्यात जास्त नफा त्या बाटलीचा. पण आप्पांनी कंपनी उभी केली ती 'सोबत' नावाच्या आंघोळीच्या साबणावर, म्हणून अंगाचा भाग ज्याच्या हातात तो घरातला कर्ता, आणि दुसरा तो फरशीवर गेलेला. आप्पा गेल्यापासून थोरला कर्ता होता आणि धाकटा फरशीवर होता.

आता 'सोबत' थकला होता. दुकानदार त्याला खालच्या फळीवर, मेणबत्त्यांशेजारी ठेवायला लागले होते. त्याच्या जागी नवी वडी आणायची होती आणि दोघा भावांनी एकेक वडी तयार केली होती. ज्याची वडी राहील त्याच्याकडे अंगाचा भाग, असं ठरलं. बाहेरच्या संचालकांनी घरोघरी नमुने वाटून पाहिले, तर दोघे बरोबरीत. मग पुन्हा नमुने, पुन्हा बैठका, पुन्हा बरोबरी. शेवटी आई म्हणाली, "आकडे पुरे झाले. रविवारी बशा मांडा."

बशा मांडायचं काम ताईचं. ती दोघांच्या मधली, कंपनीच्या जाहिराती बघणारी. जेवणघरातल्या लांब टेबलावरची भांडी उचलून झाली, तशी तिने पांढरं कापड पसरलं आणि तीन बशा ठेवल्या. तिन्हींत पांढरी वडी, एकाच साच्यातली, वर काही छापलेलं नाही. साबण तोच, फेस तोच. फरक फक्त वासाचा. एक थोरल्याची, एक धाकट्याची, एक जुनी 'सोबत'.

आप्पांची पद्धत साधी होती आणि जराशी दुष्ट होती. कोपऱ्यातल्या बेसिनवर प्रत्येकाने, आधी मोठ्याने मग लहानाने, तिन्ही वड्यांनी हात धुवायचे. सगळ्यांचे धुऊन झाले की ज्याला जी वडी बाजारात जायला नको असेल त्याने तिची बशी पालथी घालायची. एकाला एकच. कारण कुणी विचारायचं नाही. एकाने घातली तरी ती वडी संपली, पालथी ती पालथी. कुणीच घातली नाही, तर आई सांगेल ती. वडी कुणाची त्याची खूण बशीच्या खाली चिकटवलेली असायची, म्हणजे पालथी घातली की ती वर यायची. "ज्याचा गळा कापला त्याचं तोंड तरी बघावं लागलं पाहिजे," असं आप्पा म्हणायचे.

खुणाही त्यांनीच लहानपणी वाटून दिलेल्या. थोरल्याचा गोल, धाकट्याचा चौकोन. ताईला खूण नव्हती. तिची वडीच कधी झाली नाही. आणि मांडणारीला सगळं ठाऊक असतं म्हणून मांडणारीला मत नाही. "तुझ्याइतका विश्वास मी कुणावर ठेवत नाही," असं आप्पा तिला सांगायचे. विश्वास तिच्यावर आणि वाटे भावांना, हे गणित तिला अजून सुटलं नव्हतं. तिने गोलाचा कागद मधल्या बशीखाली दाबून बसवला आणि हात पुसले.

आतल्या खोलीत थोरली सून नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर सारखी करत होती. कॉलर आधीच सारखी होती.

"पुन्हा सांगते," ती म्हणाली. "आपल्या वडीने हात धुतले की मी चष्मा काढून पुसेन. बाकी दोन्ही वेळा नाही. चष्मा काढला, ती आपली."

"कळलं गं. मी काय लहान आहे?"

"आणि बशीला हातच लावू नका. आपल्याला कुणाची मारायची नाही. राहिली तर आई आपलीच घेतील, मला खात्री आहे."

"तुझी खात्री," थोरला म्हणाला. "आईने आजवर माझं काही आपणहून घेतलंय?"

थोरलीने कॉलर सोडून दिली. गेल्या वर्षीच्या तापातून थोरला उठला तो वास गमावून उठला. ज्या नाकावर कंपनी चालली ते नाक नुसतं चष्मा ठेवायला उरलं. हे दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. नवी वडी त्याने आठवणीवर केली होती आणि तिच्या नाकावर. दर नमुन्यावर ती वाकायची, म्हणायची, "कोरा कागद येतोय, पण गवत जास्त झालं," आणि तो डोळे मिटून म्हणायचा, "मग गवत कमी कर. मागून कोमट दुधाचा वास यायला हवा. आई सुरुवातीला शेडमध्ये वड्या गुंडाळायची, तेव्हा तिच्या हातांना यायचा तसा." शेड तिने पाहिली नव्हती आणि सासूचे ते हात तर नाहीच नाही. तरी एक दिवस नमुना हुंगताना तिला आपोआप रडू आलं आणि ती म्हणाली, "हा. हाच असणार." संसारात तिला कुणी एवढं महत्त्वाचं काम दिलं नव्हतं. जावेला ऑफिसात स्वतःची खोली होती, दारावर पाटी होती. हिचं नाव कुठेच नव्हतं, पण ह्या वडीत ती होती, आणि ते जावेला कधीतरी कळावं असं तिला फार वाटायचं.

बाहेर पोर्चमध्ये ही जाऊ, धाकट्याची बायको, गाडीला टेकून उभी होती.

"तुला त्यांची ओळखता येईल?" धाकटीने नवऱ्याला विचारलं.

"दादाची? झोपेत ओळखेन."

"मग घाल पालथी आणि मोकळा हो. कारण विचारायचं नाही, असा नियमच आहे. तुझ्या वडिलांनी सोय करून ठेवलीय."

"आणि त्याने माझी घातली तर?"

"म्हणूनच तू आधी घाल." ती हसली नाही. "फरशी पुसण्यात आयुष्य चाललंय तुझं. लोकांना वाटतं त्यांच्या नाकावर कंपनी उभी आहे. पगार मात्र तुझ्या त्या बाटलीवर निघतात."

धाकट्याला हे पाठ होतं. आप्पा थोरल्याला हाताला धरून कारखान्यात न्यायचे आणि ह्याला म्हणायचे, तू अभ्यास कर. थोरला संध्याकाळी यायचा तो दर वेळी नवा वास घेऊन. त्या वासाने ह्याच्या पोटात दुखायचं. पन्नाशी उलटली तरी ते दुखणं गेलं नव्हतं, फक्त आता त्याला तो ॲसिडिटी म्हणायचा.

सगळे जमले. आई उठली.

आईने पहिल्या वडीने हात धुतले, हुंगले, पुसले. ही चांगली होती. फुलांची, जरा महागड्या दुकानातली. धाकट्याने बाहेरून सुगंधवाला बोलावला होता, त्याची असणार. तिने दुसरी घेतली, पाणी सोडलं, आणि हात नाकाशी नेले ते तिथेच राहिले.

पत्र्याची शेड होती. कागदाचे ढीग होते. टेबलाखाली खोक्यात कातरणांवर थोरला झोपलेला असायचा आणि ती वड्या गुंडाळता गुंडाळता पायाने खोकं हलवायची. दूध पाजायला उचललं की पोर आधी तिचे हात हुंगायचं, मग प्यायचं. ह्या गोष्टीला इतकी वर्षं झाली की ती स्वतः विसरली होती. पोर विसरलं नव्हतं. तिने पुन्हा एकदा फेस केला, कुणी काही म्हणेल ह्याची पर्वा न करता.

मग तिला धाकटा आठवला. खुर्चीच्या टोकावर बसला होता, लहानपणी निकालाच्या दिवशी बसायचा तसाच. ह्याचं काही खरं नाही आता, तिच्या मनात आलं, हा पुन्हा फरशीवर. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि होईल तेवढ्या मायेने हसली. तिसऱ्या वडीने हात धुतले ते केवळ धुवायचे म्हणून.

थोरल्याने सगळं पाहिलं. वास गेल्यापासून तो माणसांच्या तोंडावर जगत होता. ऑफिसात नमुना आला की आधी दुसऱ्याला हुंगायला द्यायचा आणि त्याच्या भुवया बघून मत सांगायचा. आजवर एकदाही चुकला नव्हता. आईने दुसरी वडी हुंगली, आईचा चेहरा विरघळला, आई दोनदा हुंगली आणि वळून कुणाकडे हसली? धाकट्याकडे.

झालं, तो मनात म्हणाला. नेहमीचंच.

त्याची पाळी आली. त्याने तिन्ही वड्यांनी हात धुतले. तिन्ही वेळा पाणी गार लागलं आणि फेस मऊ लागला, बाकी काही नाही. दुसऱ्या वडीपाशी त्याने उगाच मान हलवली, सगळ्यांसाठी.

मग थोरली. पहिल्या वडीला चष्मा जागेवर. दुसऱ्या वडीने तिने हात धुतले, हुंगले, वळली, चष्मा काढला आणि पदराने सावकाश पुसला. पुसताना नवऱ्याकडे सरळ पाहिलं. इतकं सरळ पाहिलं की ताईच्याही लक्षात आलं, काहीतरी शिजतंय.

थोरल्याने तो चष्मा पाहिला. क्षणभर त्याला आतून उजळल्यासारखं झालं. दुसरी आपली? मग आई हसली ती? पण लगेच त्याने स्वतःला आवरलं. आपल्या वडीवर आईचा चेहरा असा होईल? कधी झालाय? पदवी घेऊन आलो तेव्हा झाला? 'झुळूक' पावडर देशभर खपली तेव्हा झाला? हिचं चुकलं असेल. हिचं नाक ते काय, घरातलं नाक, इतका वेळ जेवणाच्या वासात बसलेली. आईचा चेहरा मात्र चुकायचा नाही. तो चेहरा तो जन्मापासून वाचत आला होता, आणि त्यावर त्याला कायम एकच मजकूर दिसला होता.

थोरली जागेवर येऊन बसली आणि तिने टेबलाखालून त्याचा हात दाबला. त्याने हात काढून घेतला. तिला वाटलं, घाबरलाय.

धाकट्याने दुसरी वडी नाकाशी नेली आणि त्याला सगळं कळलं. हा दादा. दुसरं कोण? आणि ह्या वेळी तर हद्द केली होती. ह्या वडीत काहीतरी होतं जे बाहेरचा सुगंधवाला कितीही पैसे घेऊन करू शकला नसता. माणसाला आईच्या मांडीवर नेऊन बसवणारं काहीतरी. त्याच्या पोटात कळ आली. धाकटीचेही हात धुऊन झाले, तेव्हा त्याची बोटं मधल्या बशीच्या काठावर टेकली होती. धाकटी मागून येत होती, ती खाकरली. एक मनगट वळवायचं, बस्स.

पण तिसरीने धुऊनही ती वडी हातावर तशीच दरवळत होती. ज्या हाताने बशी उलटायची त्याच हाताला दादाचा वास येत होता. त्याने बोटं उचलली.

"माझं काही नाही," तो म्हणाला आणि बसला. त्याला स्वतःचा राग आला आणि थोडं बरंही वाटलं.

धाकटीने हात धुतले होते, पण तिला ओळखता आलं नाही, आणि नवऱ्याचीच मारली जाईल म्हणून तिने कशालाच हात लावला नाही. नवऱ्याकडे मात्र असं पाहिलं की त्याला घरी जायची वाट लांब वाटायला लागली.

"बोला," आई म्हणाली. "कुणाची हरकत? नाही ना? मग मी सांगते."

आणि हसून तिने मधल्या बशीकडे हात केला.

"थांब," थोरला म्हणाला.

तो उठला. ताई भिंतीला टेकून उभी होती. तिने त्याचा हात मधल्या बशीकडे जाताना पाहिला आणि तिला वाटलं, हा चुकतोय. हा चक्क चुकतोय. एक शब्द पुरला असता. "दादा," एवढं म्हटलं असतं तरी तो थबकला असता. पण मांडणारीला मत नाही. इतकी वर्षं नाही, तर आजच का असावं? तिने तोंड मिटून घेतलं आणि तिला त्या क्षणी, खरं सांगायचं तर, गोड वाटलं.

थोरलीने मात्र "अहो" म्हटलं. मोठ्याने म्हटलं. त्याने ऐकलं नाही.

बशी पालथी झाली. वडी खाली दबली आणि बशीचा तळ वर आला. त्यावर ताईच्या वळणदार हातचा निळा गोल होता.

थोरला गोलाकडे बघत राहिला. त्याला आधी वाटलं, ताईने खूण चुकवली. मग त्याने ताईकडे पाहिलं आणि त्याला कळलं की ताई चुकत नसते.

सगळ्यात आधी धाकटा उठला.

"दादा, हे तू... माझ्यासाठी?"

थोरल्याने मान वर केली. त्याला प्रश्नच समजला नव्हता.

"तुला तुझी वडी ओळखू आली नाही असं होईल का?" धाकटा म्हणाला. "तुला? तू मुद्दाम घातलीस. मला द्यायचं होतं तर सरळ सांगायचं होतंस. मला हे असं कशाला?"

"भाऊजी," धाकटी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. ती कधी रडत नसे, त्यामुळे ते तिला नीट जमलं नाही. "मी तुमच्याबद्दल काय काय बोलले. मघाशी, बाहेरसुद्धा. माफ करा मला."

आता थोरल्याने बोलायला हवं होतं. मला वास येत नाही, असं. किंवा मी तुझी मारायला गेलो आणि माझीच मारली, असं. दोन्ही वाक्यं त्याच्या जिभेवर आली. समोर भावजय हात जोडून उभी होती, आणि भाऊ जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडे मत्सराशिवाय बघत होता. निदान थोरल्याला तसं वाटलं. त्याने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला.

"असू दे," तो म्हणाला. "घरातच राहिलं."

धाकट्याने मान खाली घातली. दादाला वाटलं ते मात्र खरं नव्हतं. उद्या कंपनीभर होईल: थोरल्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःची वडी पालथी घातली, भावासाठी. ह्याची वडी वर्षानुवर्षं खपली तरी लोक तेच सांगतील. हरतानासुद्धा मोठेपणा ह्याचाच, धाकट्याच्या मनात आलं, आणि पोटातली कळ होती तिथे परत आली.

"ताई," आई म्हणाली. "तुला दिसत होतं ना?"

"मांडणारीला मत नाही, आई," ताई म्हणाली आणि उरलेल्या दोन बशा उचलून आत गेली.

धाकटा आणि धाकटी संचालकांना फोन करायला बाहेरच्या खोलीत गेले. आई काठी टेकत थोरल्यापाशी आली. थोरली टेबलाच्या टोकाला बसली होती. चष्मा अजून तिच्या हातात होता.

"तुला धाकट्याची वाटली," आई हळू आवाजात म्हणाली.

थोरल्याने पालथ्या बशीवर हात ठेवला.

"माझ्या पोटचा आहेस. दान करणारा हात असा जात नाही, मारणारा जातो."

"तू त्याच्याकडे बघून हसलीस," तो म्हणाला. साठीच्या माणसाचा आवाज, पण वाक्य लहान पोराचं होतं. "वास घेतलास आणि त्याच्याकडे बघून हसलीस."

"अरे, हरला होता तो. हरलेल्या पोराकडे आईने दुसरं कसं बघायचं?" तिने त्याच्या सदऱ्याची बाही धरली. "तुझ्याकडे बघितलं असतं तर मला रडू आलं असतं. शेडमधला माझा हात होता तो. मला वाटलं, तेवढं तुला कळेल. एवढं नाक तुझं."

मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि ह्या वेळी तिने वाचलं.

"तुला वास येत नाही का रे?"

त्याने मान हलवली. होय की नाही, ते तिला विचारावं लागलं नाही.

"बशी सरळ करायला सांग ना, आई. तू सांगितलंस तर होईल."

"आणि त्या दोघांना काय सांगू? दादा तुमच्या जिवावर उठला होता, तेवढं सोडून बाकी सगळं तसंच आहे?" ती थकून म्हणाली. "तूच 'असू दे' म्हणालास. आता असू दे."

ती गेली. थोरल्याने बशी उचलली, वडी घेतली आणि बेसिनवर जाऊन पाणी सोडलं. पुष्कळ फेस केला. दोन्ही हात नाकावर दाबून धरले आणि खोल श्वास घेतला. पाणी नाकात गेलं, तो खोकला. आणखी काही झालं नाही.

थोरली उठून त्याच्या मागे आली होती. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. गेलं वर्षभर दर नमुन्याला त्याने केलं होतं तेच त्याने आताही केलं. ओले हात तिच्या पुढे धरले.

"सांग ना," तो म्हणाला. "कसा येतोय?"

ती त्या हातांवर वाकली नाही. भिंतीवरचा टॉवेल काढून तिने त्याच्या हातांवर टाकला.

"आईंच्या तोंडाकडे बघा," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा ते तुम्हाला बरं कळतं."